बँकेच्या यादीत काकांचं नाव नाही

ताई, आम्ही नवरा-बायको बरीच वर्षं रेडिंगमध्ये भाड्याने राहतोय. आता स्टेशनजवळच्या एका सहा मजली इमारतीत दोन बेडरूमचा फ्लॅट ठरवलाय. किंमत २,९५,००० पौंड, लीजची, म्हणजे जमीनमालकाशी असलेल्या मुदतीच्या कराराची, ८७ वर्षं शिल्लक आहेत, आणि मॉर्गेजला बँकेचा तत्त्वतः होकार आलाय. वकिलाचं काम आमच्या मराठी मंडळातल्या एका काकांना द्यायचं ठरलं होतं. त्यांचं छोटं ऑफिस आहे, एकटेच असतात, सगळं मराठीत समजावून सांगतात आणि फीही रास्त आहे. आता ब्रोकर म्हणतो, काका त्या बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे मान्य वकिलांच्या यादीत, नाहीत. इस्टेट एजंट म्हणतो, आमचा वकील घ्या, म्हणजे तुमचं काम पुढे सरकेल. इतकी वर्षं वकिली केलेला माणूस बँकेला का चालू नये? आणि बँकेला चालणारा वकील आपल्याला चांगलाच असेल का? डिपॉझिटसाठी सासरे पुण्याहून ३५ लाख पाठवणार आहेत. कागदावर ते गिफ्ट आहे, आम्ही सावकाश परत करू. ह्यांच्या नावावर पुण्यात एक फ्लॅट आहे, पण तो इथे सांगायची गरज नसावी. धाकटे दीर इथेच नोकरीला आहेत, ते आमच्याकडे राहतील. जाता जाता: लेस्टरला माझा भाऊ रीमॉर्गेज करतोय. बँक वकील फुकट देतेय, तर घेऊ दे का? आणि काकांना दुखवायचं नाहीये.
– रेडिंगहून एक वाचक

नमस्कार.

तुमचा प्रश्न वकिलाचा आहे, पण पत्राच्या शेवटी सहज लिहिलेल्या दोन ओळींनी मला जास्त काळजीत टाकलं. त्यांच्याकडे येतेच. आधी काका.

काका पॅनेलवर नाहीत म्हणजे त्यांच्यात काही खोट आहे, असं अजिबात समजू नका. इंग्लंड आणि वेल्समध्ये मॉर्गेजवर घर घेताना बहुतेक वेळा एकच वकील तुमचंही काम करतो आणि बँकेचंही. पुण्यात गृहकर्ज घेताना बँकेच्या पॅनेलवरचा वकील सर्च रिपोर्ट काढतो, तो बँकेसाठी असतो आणि आपल्याला तो नीट वाचायलाही मिळत नाही. इथे मालकी तपासणारा, मालमत्तेचे शोध (सर्च) मागवणारा, तुमचे पैसे सांभाळणारा आणि बँकेचा बोजा लँड रजिस्ट्रीत नोंदवणारा माणूस एकच. कम्प्लीशनच्या, म्हणजे पैसे देऊन घर ताब्यात घेण्याच्या, आधी तो बँकेला एक सर्टिफिकेट पाठवतो: मालकी स्वच्छ आहे, तुमच्या अटी पाळल्या गेल्या आहेत, पैसे सोडा. तेवढ्यावर बँक दोन-अडीच लाख पौंड त्याच्या क्लायंट अकाउंटला जमा करते. मूळ कागद बँक बघत नाही. मग हा माणूस कोण, याची यादी ती स्वतःकडे ठेवणारच.

पूर्वी या याद्या बऱ्याच सैल होत्या. २००८ च्या पडझडीनंतर फसवणुकीची आणि हलगर्जीपणाची जुनी प्रकरणं उघड झाली आणि बँकांनी छाटणी केली. एचएसबीसीने तर २०१२ मध्ये पॅनेल ४३ फर्मवर आणून ठेवलं होतं. त्यावर बराच गदारोळ झाला आणि पुढे ते पुन्हा सैल करावं लागलं. आजही काही बँकांना एकट्याने चालवलेली फर्म नको असते, काहींना किमान दोन-तीन भागीदार हवे असतात. काही बँका वर्षाकाठी किती मॉर्गेजची कामं झाली ते बघतात आणि फार कमी असतील तर नाव काढून टाकतात. सॉलिसिटरांची संघटना असलेल्या लॉ सोसायटीची घरांच्या व्यवहारांसाठी (कन्व्हेयन्सिंग) कन्व्हेयन्सिंग क्वालिटी स्कीम आहे, सगळे तिला सीक्यूएस म्हणतात. तिचं सदस्यत्व नसलेल्या सॉलिसिटर फर्मला बऱ्याच बँका दारातही उभं करत नाहीत. काका बहुधा यातल्याच एखाद्या नियमात अडकले असतील. या नियमांमधून बँकेची जोखीम मोजली जाते. तुमचे फोन कोण उचलतं, हे त्यात कुठेच मोजलेलं नसतं, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. पॅनेलवरचा वकील बँकेला चालतो, एवढंच त्यातून कळतं. तो तुम्हाला चांगला आहे की नाही, हे तुम्हालाच शोधावं लागेल.

काकांचाच आग्रह धरलात तर काय होईल? बँकेची तयारी असेल तर ती स्वतःसाठी दुसरा वकील नेमेल, आणि त्याचीही फी तुम्हीच भराल. एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, पहिल्याने पुन्हा विचारायचं, असा कागदांचा खेळ सुरू होईल. काही बँका यालाही तयार नसतात. काकांनी पॅनेलसाठी अर्ज करायचा हा तिसरा मार्ग आहे, पण त्याला आठवडे लागतात आणि होकाराची खात्री नसते. तुमचा विक्रेता तेवढा थांबणार नाही. इथलं पहिलंच घर आहे, तर पॅनेलवरचा वकील घ्या. यात मला फारशी द्विधा वाटत नाही.

पॅनेलची चौकशी तोंडी करू नका. ‘हो, आम्ही सगळ्या मोठ्या बँकांच्या पॅनेलवर आहोत’ हे वाक्य ऐकून कंटाळा आलाय. फर्मचं नोंदणीकृत पूर्ण नाव, तुमचं काम बघणारी शाखा आणि नियामकाने दिलेला क्रमांक ब्रोकरला कळवा आणि बँकेच्या यंत्रणेत तपासायला सांगा. सॉलिसिटर असतील तर तो क्रमांक सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीचा, लायसन्स्ड कन्व्हेयन्सर असतील तर कौन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सचा. दोन्ही प्रकारचे लोक हे काम कायदेशीरपणे करतात. सीक्यूएस फक्त सॉलिसिटरांसाठी असल्यामुळे ते कन्व्हेयन्सरकडे नसलं तर त्यात काळंबेरं शोधू नका. मग फर्मलाही ईमेलवर विचारा: अमुक बँकेच्या पॅनेलवर आज आहात का? एकाच समूहातल्या दोन बँकांचं पॅनेल एकच असेल असं धरून चालू नका. आणि मध्येच व्याजदर उतरले म्हणून ब्रोकरने दुसरी बँक सुचवली, तर वकिलाचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारायचा. हे विसरतात लोक. नव्या बँकेची ऑफर हातात येते आणि तिसऱ्या आठवड्यात कळतं की आपला वकील तिथे चालत नाही.

इस्टेट एजंटचं म्हणणं थोडक्यात निकालात काढते. तो सुचवतो त्या फर्मकडून त्याला बहुतेक वेळा रेफरल फी मिळते. ती किती, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे आणि वकिलाने तुम्हाला ते सांगायलाच हवं. फर्म वाईट असेलच असं नाही. पण ‘आमचा वकील घेतला नाही तर तुमची ऑफर मागे पडेल’ असा सूर असेल, तर १९९१ पासून इथे इस्टेट एजंटांना त्याची मनाई आहे. तेवढं गोड शब्दांत ईमेलवर लिहून पाठवा, सूर बदलतो.

आता निवड. पॅनेलवरच्या तीन-चार फर्मकडून कोटेशन मागवा. घरांच्या व्यवहाराची फी वेबसाइटवर देणं २०१८ च्या डिसेंबरपासून सॉलिसिटर फर्मना बंधनकारक आहे, पण मोठ्या अक्षरातला पहिला आकडा बघून हुरळून जाऊ नका. खाली बारीक अक्षरात लीजहोल्डचे वेगळे, गिफ्टच्या डिपॉझिटचे वेगळे, स्टॅम्प ड्यूटीचा फॉर्म भरण्याचे वेगळे, बँक ट्रान्सफरचे वेगळे, ओळख तपासणीचे वेगळे असतात. तुमच्या प्रकरणात यातलं जवळजवळ सगळं लागणार आहे. म्हणून कोटेशन मागतानाच सांगा: लीजहोल्ड, सहा मजली इमारत, भारतातून गिफ्ट, पुण्यात मालमत्ता. सगळं धरून आकडा द्या.

‘सहा मजली’ हे शब्द उच्चारल्यावर समोरून काय उत्तर येतं, त्यावर मी तरी अर्धी निवड करेन. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या २०१७ च्या आगीनंतर बिल्डिंग सेफ्टी ॲक्ट २०२२ आला. किमान ११ मीटर उंच किंवा किमान पाच मजली निवासी इमारतींमध्ये सुरक्षेच्या दुरुस्तीचा खर्च फ्लॅटधारकाकडून कितपत वसूल करता येतो, याचे नियम या कायद्यात आहेत. ते संरक्षण तुमच्या फ्लॅटला मिळतं का, हे आताच्या मालकाने दिलेलं एक प्रमाणपत्र आणि जमीनमालकाने दिलेलं दुसरं, यावरून ठरतं. हे कागद जमवणं आणि ते वाचून बँकेला कळवणं किचकट असतं, त्यामुळे कितीतरी फर्म अशा इमारतींची कामं घेतच नाहीत. बँकेच्या पॅनेलवर असूनही घेत नाहीत! काही तर फाइल उघडून, शोधांचे पैसे घेऊन, मग इमारत किती उंच आहे ते विचारतात. तुम्ही आधी विचारा. अशा इमारतींची कामं याच वर्षात केली आहेत का, हेही विचारा.

लीजची ८७ वर्षं हा दुसरा मुद्दा. कमीत कमी किती वर्षं चालतील, हे प्रत्येक बँक आपलं आपण ठरवते. बँकांची संघटना असलेल्या यूके फायनान्सच्या मॉर्गेज लेंडर्स हँडबुकमध्ये ते बँकवार लिहिलेलं असतं आणि ते ऑनलाइन कुणालाही वाचता येतं. पहिला भाग सगळ्यांना सारखा, दुसऱ्या भागात त्या त्या बँकेची उत्तरं. एका संध्याकाळी तुमच्या बँकेचा दुसरा भाग चाळा. कंटाळवाणा आहे, पण तुमचा वकील कोणत्या अटींखाली काम करतो ते तिथेच कळतं. तुमची अडचण आज नाही, काही वर्षांनी आहे. लीज ८० च्या खाली गेली की वाढवून घेणं एकदम महाग पडतं. २०२४ च्या कायद्याने हे बदलायचं ठरवलंय, पण त्या भरवशावर आज घर घेऊ नका. मात्र घर घेतल्यावर दोन वर्षं थांबायची जुनी अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली आहे, म्हणजे किल्ली मिळाल्यावर लगेच लीज वाढवायला घेता येते. त्याचा अंदाजे खर्च आत्ताच काढून घ्या आणि किमतीच्या घासाघीशीत वापरा.

शेवटी एक प्रश्न, जो विचारायला लोकांना संकोच वाटतो: माझी फाइल नक्की कोण बघणार? कोटेशन देणारा गोड आवाज बऱ्याचदा विक्री विभागातला असतो. फाइल बघणाऱ्या व्यक्तीचं नाव, ती स्वतः पात्र वकील आहे की वकिलाच्या देखरेखीखाली काम करते, तिचा थेट नंबर आणि ती सुटीवर गेली तर कोण, एवढं लिहून घ्या. पॅनेलवर मोठमोठ्या फर्म असतात, त्यांच्यात एखाद्या माणसाकडे ढीगभर फायली असतात आणि फोन कॉल सेंटरला जातो. मध्यम आकाराची, ज्या माणसाशी बोलता येतं अशी फर्म थोडी महाग पडली तरी मला पटते. काकांच्या बाबतीत तुम्हाला आवडलं ते हेच तर होतं.

आता ते ३५ लाख.

वकील तुमचा आणि बँकेचाही, हे वर लिहिलं त्याची खरी किंमत इथे कळते. तुम्ही त्याला सांगितलंत की ‘कागदावर गिफ्ट, पण आम्ही परत करणार’, तर ते गिफ्ट नाही, कर्ज आहे, आणि बँकेला कळवायला हवं अशी ही माहिती आहे. तो तुमची परवानगी मागेल. तुम्ही नाही म्हणालात तर त्याला गुपचूप पुढे जाता येणार नाही, बँकेचं काम सोडावं लागेल. ऐन वेळी वकील बाजूला झाला म्हणजे काय, ते बँकेला सांगावं लागत नाही. आणि त्याला न सांगता गिफ्टच्या पत्रावर सह्या केल्यात तर ती कर्ज मिळवण्यासाठी दिलेली खोटी माहिती ठरते. इथे त्याला मॉर्गेज फ्रॉड म्हणतात. तेव्हा घरात बसून ठरवा. सासरे खरंच देत असतील आणि परतीची अपेक्षा नसेल तर गिफ्ट म्हणा, आणि मग खरंच परत करू नका. म्हातारपणी त्यांचा खर्च उचला, तो मुलगा म्हणून. परत करायचेच असतील तर ब्रोकरला आज सांगा. काही बँका कौटुंबिक कर्ज मान्य करतात आणि त्याचा हप्ता धरून तुमची ऐपत मोजतात.

पैसे येण्याचा रस्ताही सरळ ठेवा. सासऱ्यांच्या स्वतःच्या खात्यातून, बँकेमार्फत, भारतातून परदेशी पैसे पाठवायच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीमखाली, थेट मुलाच्या इथल्या खात्यात. आर्थिक वर्षाला माणशी अडीच लाख अमेरिकी डॉलरची मर्यादा आहे, ती तुम्हाला पुरून उरते. १० लाखांच्या वरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कापला जाईल. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर तेवढे पैसे अडकतात, म्हणून त्यांना आधी कल्पना द्या. इथला वकील त्यांचं ओळखपत्र, गिफ्टचं पत्र, काही महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि मुळात पैसे आले कुठून याचा पुरावा मागेल: मोडलेली एफडी, प्रॉव्हिडंट फंड, विकलेल्या जमिनीचं खरेदीखत. मराठीतला कागद असेल तर भाषांतर लागेल. थोडे मामांच्या खात्यातून, थोडे आत्याच्या, असं करू नका. प्रत्येकाच्या मागे हीच सगळी वरात निघते. परदेशातून आलेली गिफ्ट घेतच नाही, असं म्हणणाऱ्या फर्म आहेत आणि बँकाही. हाही प्रश्न निवडीच्या वेळचा आहे.

दीर राहणार असतील तर तेही सांगा. मालक नसलेली, १७ वर्षांची किंवा त्याहून मोठी जी व्यक्ती त्या घरात राहणार असते, तिच्याकडून बँक सहसा सही घेते की तिचा काही हक्क असलाच तर तो बँकेच्या नंतर.

आणि पुण्याचा फ्लॅट. ‘इथे सांगायची गरज नसावी’ हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य आहे. स्टॅम्प ड्यूटीसाठी जगात कुठेही असलेलं घर मोजलं जातं. तुम्ही दोघंही खरोखर पहिल्यांदा घर घेत असता तर १ एप्रिल २०२५ पासूनच्या दराने ३,००,००० पौंडांपर्यंत काहीच भरावं लागलं नसतं, म्हणजे तुमच्या फ्लॅटवर शून्य. पण एकाच्याही नावावर आधी घर असेल तर ती सवलत दोघांचीही जाते. शिवाय ते दुसरं घर ४०,००० पौंड किंवा जास्त किमतीचं असेल तर नेहमीच्या दरावर पाच टक्के अधिक भार लागतो. तुमचा हिशेब: नेहमीच्या दराने ४,७५०, अधिक भाराचे १४,७५०, एकूण १९,५०० पौंड. ‘मग घर फक्त माझ्या नावावर घेऊ’ असं मनात आलं असेल, तर अधिक भारासाठी एकत्र राहणारे नवरा-बायको एकच धरले जातात, त्यामुळे तेही चालत नाही. फ्लॅट मुळात सासऱ्यांच्या पैशाचा आहे, ह्यांचं फक्त नाव आहे, असं असेल तर तो करसल्लागाराचा विषय. कागद घेऊन त्याच्याकडे जा, आपल्या मनाने ठरवू नका. वारशाने आलेल्या छोट्या हिश्श्याचे नियमही वेगळे आहेत. हा प्रश्न स्वतःहून न विचारणारा वकील तुमच्या कामाचा नाही, मग तो कितीही बँकांच्या पॅनेलवर असो. स्टॅम्प ड्यूटीचं रिटर्न तुमच्या नावाने जातं, जबाबदारी तुमचीच.

भावाचं सोपं आहे. त्याच बँकेत फक्त दर बदलत असेल तर वकील लागतच नाही. बँक बदलत असेल, घर आहे त्याच नावांवर राहणार असेल आणि जुन्या कर्जाची रक्कम तेवढी फेडायची असेल, तर फुकटचा वकील खुशाल घेऊ दे. फक्त एवढं ध्यानात ठेवू दे की तो बँकेचं काम करतोय, भावाला सल्ला देणं हे त्याचं काम नाही. वहिनीचं नाव घरावर चढवायचं असेल, लीज वाढवायची असेल किंवा भाऊ-भाऊ वाटणी करायची असेल, तर ते फुकटात बसत नाही. मग बँक पर्याय म्हणून कॅशबॅक देते का ते विचारावं आणि आपला वकील, अर्थात त्या नव्या बँकेच्या पॅनेलवरचा, नेमावा. जुना फिक्स दर संपायच्या तारखेआधी कम्प्लीशन करू नये, लवकर फेडीचा दंड बसतो. फार उशीरही नको, कारण मग लागणारा बँकेचा स्टँडर्ड व्हेरिएबल दर चढा असतो.

राहिले काका. त्यांना सरळ सांगा की बँक ऐकत नाही. त्यांच्यासारख्या एकट्याने ऑफिस चालवणाऱ्यांना हे नवीन नाही, ते मनाला लावून घेणार नाहीत. शिवाय त्यांच्यासाठी पॅनेलबाहेरचं काम तुमच्याकडे आहेच. दिरांनी बँकेच्या त्या कागदावर सही करण्याआधी स्वतंत्र वकिलाचा सल्ला घ्यावा, असं तुमचा नवा वकील सुचवेल, कारण तुमच्याच वकिलाने त्यांनाही सल्ला देणं बरोबर दिसत नाही. तो काकांनी मराठीत द्यावा. डिपॉझिटमध्ये कुणाचे किती याचा करारनामा आणि तुम्हा दोघांची मृत्युपत्रं, हीही कामं बँकेला न विचारता त्यांना देता येतील. मृत्युपत्रात पुण्याच्या फ्लॅटचं काय करायचं, ते मात्र भारतातल्या वकिलाशी बोलून ठरवा.